झांझिबारला नेता, तर शरणपूरही सांगा

महाराष्ट्रातून झांझिबारला सहली नेणाऱ्या पर्यटन कंपन्यांचे संचालक, सहल आखणारे आणि टूर लीडर यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवण्यांमध्ये झांझिबारच्या सहलींच्या जाहिराती आता नियमित दिसतात. निळं पाणी, पांढरी वाळू, मसाल्याच्या बागा, महाकाय कासवं आणि 'क्वीन' या इंग्रजी बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचं घर. मराठी माणूस आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत फिरायला जातो याचा मला आनंद आहे. मीही अशाच एका सहलीतून तिथे जाऊन आलो. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण माझं म्हणणं एका कंपनीपुरतं नाही. जवळपास सगळ्यांचाच कार्यक्रम एकसारखा असतो आणि सगळ्यांच्याच कार्यक्रमात तीच गोष्ट राहून जाते.

स्टोन टाउनच्या गल्लीत मर्क्युरीच्या घरासमोर आमच्या टूर लीडरने सांगितलं, की हा मुलगा शिकायला आपल्या पाचगणीला होता. सगळ्यांचे चेहरे खुलले, फोटो निघाले. पुढे थोड्याच अंतरावर अँग्लिकन कॅथेड्रल आहे, जुन्या गुलामांच्या बाजाराच्या जागेवर बांधलेलं. तिथे मात्र एवढंच सांगितलं गेलं, की अरब लोक इथे गुलाम विकायचे, इंग्रजांनी ते बंद केलं, अर्ध्या तासाने बसपाशी भेटू.

पाचगणीचा धागा सांगता येतो, तर मुंबईचा आणि नाशिकचा का नाही? त्या बाजाराला लागणारा पैसा आणि कापड मोठ्या प्रमाणात मुंबई आणि कच्छमधून जात होतं. तो बाजार बंद करायला लंडनने ज्याला पाठवलं, तो मुंबईचा माजी गव्हर्नर होता. आणि त्या व्यापारातून सोडवलेली कित्येक मुलं आमच्या नाशिकच्या शरणपुरात वाढली, शिकली आणि पुन्हा आफ्रिकेत गेली. झांझिबारच्या इतिहासातलं हे आपलं पान आहे. ते तुमच्या पर्यटकांना सांगा, एवढ्यासाठी हे पत्र लिहितो आहे. तपशील देतो, म्हणजे वेळ मिळाला नाही किंवा माहिती नव्हती, असं व्हायला नको.

झांझिबारचा गुलामबाजार फार जुना. १८११ साली मुंबईच्या आरमारातला कॅप्टन थॉमस स्मी आपली जहाजं घेऊन तिथे गेला होता. त्याने बाजाराचं वर्णन लिहून ठेवलं आहे. दुपारी चारच्या सुमाराला बाजार सुरू व्हायचा. विकायला आणलेल्या माणसांना अंघोळ घालून, अंगाला खोबरेल तेल चोळून, तोंडावर तांबडे-पांढरे पट्टे ओढून, दागिने घालून रांगेत उभं करायचे. रांगेत सगळ्यांत पुढे सगळ्यांत लहान मुलं. मग ती रांग गावातून फिरवायची, विकणारा मालक पुढे चालत ओरडून किंमत सांगायचा, आणि एखाद्याला कुणी पसंत केलं की रांग थांबायची. घेणारा तोंड उघडून दात बघायचा, हातपाय चाचपायचा, चालवून बघायचा. मुंबईहून गेलेल्या एका खलाशी अधिकाऱ्याने डोळ्यांनी पाहून लिहिलेलं हे आहे. कॅथेड्रलच्या आवारात उभं राहून एवढा एक उतारा मराठीत वाचून दाखवला, तरी लोक बसकडे निघण्याची घाई करणार नाहीत.

पुढे ओमानचा सुलतान सय्यद सईद याने १८४० च्या सुमारास आपला दरबार मस्कतहून झांझिबारला हलवला आणि बंदराचं रूप पालटलं. हस्तिदंत, लवंग आणि माणसं या तीन गोष्टींवर ते शहर उभं राहिलं. आतल्या मुलखातून, विशेषतः न्यासा (आजच्या मलावी) सरोवराच्या परिसरातून, पकडून आणलेले लोक चालवत किल्व्याच्या किनाऱ्यापर्यंत आणायचे. तिथून गलबतांत कोंबून झांझिबार. १८६० च्या दशकात वर्षाला १५ ते २० हजार माणसं या बंदरात उतरत असावीत, असा अंदाज सर्वसाधारणपणे दिला जातो. काही पुढे अरबस्तानात आणि इराणच्या आखातात विकली जायची. उरलेली इथल्याच लवंगेच्या बागांत राबायची.

तुमच्या कार्यक्रमात 'स्पाइस टूर' नावाचा जो रमणीय भाग असतो, तो नेमका इथे येतो. लवंगेचं झाड मूळचं या बेटाचं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते हिंदी महासागरातल्या फ्रेंच बेटांवरून आणून लावलं गेलं. कळी उमलायच्या आत हाताने खुडावी लागते, झाडं उंच, काम वेळेत उरकावं लागतं. म्हणून माणसं हवीत, पुष्कळ हवीत आणि फुकट हवीत. काही दशकांत झांझिबार आणि पेंबा ही दोन बेटं जगातली सगळ्यांत मोठी लवंग पिकवणारी बेटं झाली ती गुलामांच्या जिवावर. आपल्या गोड्या मसाल्यात पडणारी लवंग मुंबईच्या बंदरात उतरायची ती बऱ्याच अंशी इथूनच. बागेत जायफळ, दालचिनी, व्हॅनिला हुंगून झाल्यावर हे सांगायला पाच मिनिटंही लागत नाहीत. बागेत फिरवणारे स्थानिक वाटाडे विचारलं तर मोकळेपणाने बोलतात. आपण विचारत नाही.

आता आपल्या बाजूचा अवघड भाग. सुलतानाच्या राज्यात बंदराची जकात इजाऱ्याने, म्हणजे ठरलेली रक्कम घेऊन वसुलीच्या मक्त्याने, दिलेली होती. हा इजारा पन्नासेक वर्षांतला बहुतेक काळ कच्छमधल्या मुंद्र्याच्या जयराम शिवजी या भाटिया पेढीकडे होता. मधली काही वर्षं तो तारिया टोपण या कच्छी खोजा व्यापाऱ्याकडे होता. बंदरात उतरणाऱ्या हस्तिदंतावर जकात, कापडावर जकात, तशीच माणसावर दरडोई जकात. ती गोळा करणारे आणि हिशेब ठेवणारे आपल्या किनाऱ्यावरून गेलेले लोक होते. गलबतातून आणलेला माणूस वाचणार नाही असं दिसलं, तर त्याच्यावरची जकात वाचवण्यासाठी त्याला उतरवूनच घेत नसत किंवा किनाऱ्यावर तसंच टाकून देत, असं त्या काळच्या प्रवाशांनी नोंदवलं आहे. मला त्या साऱ्या इतिहासातली ही सगळ्यांत भयंकर गोष्ट वाटते.

जकातीपेक्षाही मोठा धागा उधारीचा. आतल्या मुलखात जाणाऱ्या तांड्यांना कापड, मणी, तांब्याची तार, बंदुका लागायच्या, आणि हे सगळं उधारीवर मिळायचं ते भारतीय पेढ्यांकडून. टिप्पू टिप या नावाने प्रसिद्ध झालेला हमद बिन मुहम्मद हा त्या काळातला सगळ्यांत मोठा हस्तिदंताचा आणि गुलामांचा व्यापारी. त्याचं घर तुम्ही स्टोन टाउनमध्ये दाखवता. त्याच्या मोहिमांना भांडवल पुरवलं तारिया टोपणने. त्याच तारिया टोपणच्या पैशातून बांधायला घेतलेली, लाकडी नक्षीच्या सज्ज्यांची ती देखणी 'ओल्ड डिस्पेन्सरी' बंदरासमोर उभी आहे आणि प्रत्येक पर्यटक तिचा फोटो काढतो. पुढे त्याने इंग्रजांना गुलामांचा व्यापार मोडायला मदतही केली आणि १८९० साली 'सर' ही पदवी मिळवली. एकाच माणसाच्या आयुष्यात हे सारं घडलं. पर्यटकांना हे समजणार नाही, असं समजू नका. मराठी माणूस इतिहासावर वाद घालत मोठा झालेला असतो, त्याला अशी गुंतागुंत पचते.

इथल्या भारतीयांनी नुसता पैसा पुरवला असंही नाही. अनेकांच्या घरी आणि बागांत गुलाम होते. मुंबईच्या फौजेतला क्रिस्टोफर रिग्बी १८५८ मध्ये झांझिबारला इंग्रजांचा वकील (कॉन्सल) म्हणून गेला, तेव्हा त्याने ब्रिटिश प्रजा म्हणवणाऱ्या भारतीयांना गुलाम बाळगता येणार नाहीत असा हुकूम काढला आणि हजारो गुलामांना मोकळं करायला लावलं. व्यापाऱ्यांनी आपण इंग्रजांची नव्हे तर कच्छच्या रावांची प्रजा आहोत, अशी पळवाट शोधली. पुढे रावांनीच जाहीरनामा काढून ती बंद केली.

हे लिहिताना कच्छी समाजाकडे बोट दाखवून मराठी माणसाला मोकळं करावं, असा माझा हेतू मुळीच नाही. पेशवाईत कुणबिणी, म्हणजे गुलाम स्त्रिया, विकत घेतल्या जात होत्या, त्यांच्या किमतींच्या नोंदी आपल्याच दप्तरांत आहेत. आणि मुंबई बंदर त्या काळी या साऱ्या व्यापाराचं दुसरं टोक होतं. झांझिबारचा हस्तिदंत मोठ्या प्रमाणावर मुंबईत यायचा, त्यातला काही बांगड्यांसाठी इथेच राहायचा, काही पुढे लंडनला जायचा. तिकडे जाणारं कापड मुंबईतून जायचं. ज्या गोदीने आणि ज्या पेढ्यांनी मुंबई श्रीमंत झाली, त्यांचा हिशेब झांझिबारच्या बाजाराशी जोडलेला होता.

आता बाजार बंद कसा झाला ते पाहू. 'इंग्रजांनी बंद केलं' या एका वाक्यात पन्नास वर्षं गिळली जातात. १८२२ चा करार झाला, १८४५ चा झाला, प्रत्येक वेळी थोडी बंधनं आली आणि व्यापार चालूच राहिला. १८७३ च्या सुरुवातीला ब्रिटिश सरकारने सर बार्टल फ्रिअर यांना सुलतान बरघशकडे पाठवलं. हे तेच फ्रिअर, जे आधी साताऱ्याला रेसिडेंट होते, १८६२ ते १८६७ मुंबईचे गव्हर्नर होते आणि ज्यांच्या काळात मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडले गेले. फोर्टातल्या फ्लोरा फाउंटनला आधी त्यांचंच नाव द्यायचं घाटत होतं. आजचा पी. डिमेलो मार्ग पूर्वी फ्रिअर रोड होता. तुमच्या मुंबईकर पर्यटकांपैकी निम्मे तरी त्या रस्त्याने गेलेले असतात.

बरघशने फ्रिअरना नकार दिला. आदल्या वर्षीच्या वादळाने लवंगेच्या बागा झोपवल्या होत्या, गुलामही बंद झाले तर आपण बुडालो, असं त्याचं म्हणणं. फ्रिअर परत गेले. मग झांझिबारमधला तेव्हाचा इंग्रज वकील जॉन कर्कने बंदराची आरमारी नाकेबंदी करण्याची धमकी दिली आणि ५ जून १८७३ रोजी बरघशने करारावर सही केली. म्कुनाझिनीतला बाजार बंद झाला. त्या जागेवर बिशप एडवर्ड स्टीअर यांनी कॅथेड्रल बांधायला घेतलं. लगतची काही जमीन एका भारतीय व्यापाऱ्याने मिशनला देऊन टाकली. कॅथेड्रलची वेदी जिथे आहे, तिथे पूर्वी गुलामांना फटके मारण्याचा खांब होता, असं सांगतात.

पण १८७३ मध्ये गुलामगिरी संपली नाही, हे कृपा करून लोकांना सांगा. समुद्रमार्गे ने-आण आणि उघडा बाजार बंद झाला, एवढंच. बेटावरचे गुलाम गुलामच राहिले. चोरटा व्यापार चालू राहिला. मंगापवानीला किनाऱ्याजवळ जमिनीत खोदलेली जी कोठडी आहे, ती त्या चोरट्या व्यापाराची. गुलामीचा कायदेशीर दर्जा रद्द झाला १८९७ मध्ये, म्हणजे चोवीस वर्षांनी. तेव्हाही गुलामाने स्वतः न्यायालयात जाऊन सुटका मागायची, राहण्याची आणि पोट भरण्याची सोय दाखवायची, आणि नुकसानभरपाई मात्र मालकाला. ज्यांनी गुलामीत आयुष्य काढलं, त्यांना काही नाही. मालकाच्या घरात ठेवलेल्या स्त्रियांना या कायद्यातूनही वगळलेलं होतं, त्यांच्यासाठी १९०९ साल उजाडावं लागलं.

अजून एक दुरुस्ती. कॅथेड्रलच्या शेजारच्या इमारतीखाली ठेंगण्या छताच्या ज्या अंधाऱ्या खोल्या दाखवतात, त्या 'गुलामांना डांबायच्या खोल्या' म्हणून सर्रास सांगितल्या जातात. अनेक इतिहासकारांना याची शंका आहे. त्या पुढे मिशनने बांधलेल्या दवाखान्याच्या तळघराच्या असाव्यात, असं त्यांचं मत आहे. ही शंकाही सांगा. तिने जे घडलं त्याचा भार कमी होत नाही. २०१६ पासून त्याच आवारात गुलामांच्या व्यापारावरचं नीट मांडलेलं प्रदर्शन आहे. तळघरात डोकावून बाहेर पडण्याऐवजी तासभर तिथे द्या. बाहेरच्या अंगणात खड्ड्यात उभ्या केलेल्या, गळ्यात खऱ्या साखळ्या असलेल्या पाच मूर्ती आहेत. स्वीडिश शिल्पकार क्लारा सोर्नास यांनी १९९८ मध्ये त्या घडवल्या. त्यांच्यासमोर हसरी सेल्फी काढणारे आपले लोक मी पाहिले. त्यांना मी दोष देत नाही. आपण कुठे उभे आहोत हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तो दोष सहल नेणाऱ्याचा आहे.

आणि आता शरणपूर. मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे ते याच्याबद्दल.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आरमाराची जहाजं समुद्रात गुलामांची गलबतं पकडायची. सुटलेल्या माणसांना कुठे न्यायचं, हा प्रश्न असायचा. कुणाला एडनला उतरवलं, कुणाला मॉरिशस-सेशेल्सला, तर कितीतरी जणांना मुंबईत. त्यात मुलं बरीच असायची. आईबाप मारले गेलेले किंवा कायमचे दुरावलेले, आपलं गाव कुठे होतं हेही सांगता न येणारी. मुंबईतून यातली काही मुलं चर्च मिशनरी सोसायटीच्या लोकांकडे दिली गेली, आणि त्यांच्यासाठी नाशिकजवळच्या शरणपुरात 'आफ्रिकन असायलम' चालवलं गेलं. तिथे त्यांना लिहायला-वाचायला, सुतारकाम, लोहारकाम शिकवलं जाई. याओ, मकुआ, न्यासा अशा समाजांत जन्मलेली मुलं गोदावरीच्या काठी, मराठी बोलणाऱ्या गावात मोठी झाली. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना 'नासिक बॉइज' म्हटलं आहे. त्यांना ख्रिस्ती नावं दिली गेली, त्यांची मूळ नावं बहुतेकांची हरवली. मिशनच्या शिस्तीत त्यांना काय वाटत होतं, त्याचं त्यांनी स्वतः लिहिलेलं फारसं हाती लागत नाही, म्हणून ते फार सुखी होते असं चित्र मी रंगवणार नाही. पण ते इथे होते. आज शरणपूर रोडवर दवाखाने, दुकानं, वाहनांची गर्दी आहे, आणि तिथून रोज जाणाऱ्या नाशिककरांना याची कल्पनाही नाही.

याच मुलांपैकी नऊ जण १८६६ मध्ये आफ्रिकेत फिरणारा प्रसिद्ध स्कॉटिश मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्याबरोबर त्याच्या शेवटच्या प्रवासाला निघाले. त्याआधी लिव्हिंग्स्टन आपली छोटी आगबोट झांझिबारहून समुद्र पार करून मुंबईला घेऊन आला होता. बोटीवर चुमा नावाचा एक याओ मुलगा होता, गुलामांच्या तांड्यातून सोडवलेला. चुमाला त्याने मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्याकडे ठेवलं आणि परत जाताना बरोबर नेलं. गव्हर्नर फ्रिअर यांनी मदत केली. ही तुकडी मुंबईहून निघून झांझिबारला उतरली आणि तिथून आफ्रिकेच्या आत शिरली.

१८७२ मध्ये लिव्हिंग्स्टनकडे आणखी काही नासिकची मुलं पोचली. त्यांत जेकब वेनराइट होता. १ मे १८७३ रोजी आजच्या झांबियात, चितांबोच्या गावात लिव्हिंग्स्टन वारला. झांझिबारचा बाजार बंद करणारा करार व्हायला अजून महिन्याहून थोडा जास्त अवधी होता. पुढे जे झालं ते जगभर सांगितलं जातं. चुमा, लिव्हिंग्स्टनचा दुसरा जुना आफ्रिकी सोबती सुसी आणि इतरांनी त्याचं काळीज तिथल्या एका झाडाखाली पुरलं, देह मीठ लावून उन्हात वाळवला, गुंडाळला आणि सुमारे नऊ महिने चालत किनाऱ्यावर, झांझिबारसमोरच्या बागामोयोला आणला. वाटेत आजार होते, लढाया होत्या, देह नेऊ नका म्हणणारेही भेटले. त्या झाडाखाली अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती जेकब वेनराइटने. झाडाच्या बुंध्यावर लिव्हिंग्स्टनचं नाव आणि तारीख कोरली तीही त्यानेच. ते वाचणं-लिहिणं तो नाशिकला शिकला होता. पुढे देहाबरोबर तो इंग्लंडला गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात लावणाऱ्यांत होता.

झांझिबारच्या कॅथेड्रलमध्ये लाकडाचा एक क्रूस आहे. लिव्हिंग्स्टनचं काळीज ज्या झाडाखाली पुरलं, त्या झाडाच्या लाकडाचा. सगळे गाइड तो दाखवतात. वेनराइटने नाव कोरलेलं झाड तेच. त्या क्रूसासमोर उभं राहून 'हे अक्षर गिरवणारा मुलगा आमच्या नाशिकला शिकला' असं तुमच्या टूर लीडरने का सांगू नये? पाचगणीच्या फ्रेडीइतकाच हा नाशिकचा जेकबही आपला नाही का?

तो एकटा नव्हता. १८७३ च्या करारानंतर सुटलेल्या गुलामांसाठी मोंबासाजवळ वस्ती उभारायचं ठरलं, तेव्हा ते काम करायला शरणपूरचेच विल्यम सॉल्टर प्राइस गेले आणि वस्तीचं नाव पडलं फ्रिअर टाउन. मुंबई-नाशिकहून गेलेली सुमारे दीडशे आफ्रिकी माणसं तिथे आणि जवळच्या राबाईला स्थायिक झाली. किनाऱ्यावर त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. शिक्षक, कारागीर, दुभाषे म्हणून त्यांनी ती वस्ती चालवली. त्यांच्यातले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे पुढे धर्मगुरू झाले. असाच आणखी एक, पण नाशिकशी संबंध नसलेला, सिदी मुबारक बॉम्बे. लहानपणी पकडून विकला गेला, मालकाबरोबर भारतात आला, मालक वारल्यावर मोकळा झाला आणि झांझिबारला परतला. बर्टन, स्पीक, स्टॅनली, कॅमेरॉन या सगळ्या शोधप्रवाशांच्या मोहिमा त्याने चालवल्या. पुस्तकांवर गोऱ्यांची नावं छापली गेली, वाट मात्र यानेच दाखवली होती.

चांगू बेटावरची कासवं दाखवताना फार वेळ घेऊ नका, एवढं सुचवतो. ते 'प्रिझन आयलंड' म्हणून ओळखलं जातं, तिथे काही काळ गुलामांना ठेवलं जाई. पुढे बांधलेला तुरुंग वापरात आला तो मुख्यतः साथीच्या रोगांसाठी विलगीकरणाची जागा म्हणून.

१९६४ च्या जानेवारीत झांझिबारला क्रांती झाली. हजारो माणसं मारली गेली, त्यात अरब सर्वाधिक, भारतीयही होते. अनेक भारतीय कुटुंबं देश सोडून गेली. मारहाण आणि लुटीचं समर्थन कुणी करू नये. पण त्या रागाच्या मुळाशी बागांचे मालक, पेढ्यांचं कर्ज आणि गुलामांच्या नातवंडांचं भूमिहीन जगणं होतं, हेही लपवू नये. १९३७ मध्ये झांझिबारच्या लवंग कायद्यांमुळे तिथल्या भारतीय व्यापाऱ्यांवर अन्याय होतो म्हणून आपल्या काँग्रेसने झांझिबारी लवंगेवर बहिष्कार घातला होता. व्यापाऱ्यांचं दुःख इथपर्यंत पोचलं. बागेत राबणाऱ्याचं पोचलं नाही.

आज तिथले लोक आपल्याशी अगत्याने वागतात. २०२३ पासून मद्रास आयआयटीची शाखाही झांझिबारला आहे, आपली मुलं तिथे जाऊन शिकतात-शिकवतात. अशा वेळी आपल्या इतिहासाची ही बाजू आपल्याला ठाऊक असली, तर तिथल्या माणसाशी बोलताना आपली मान ताठही राहील आणि जिथे वाकायला हवी तिथे वाकेलही.

माझ्या मागण्या साध्या आहेत. स्टोन टाउनच्या दिवशी कॅथेड्रल आणि प्रदर्शन यांना मिळून किमान दोन तास द्या. त्यासाठी खरेदीचा वेळ कमी करावा लागला तरी चालेल. झांझिबारचा इतिहास जाणणारा स्थानिक वाटाड्या घ्या, त्याला योग्य मोबदला द्या आणि त्याचं बोलणं मराठीत नीट सांगेल असा माणूस बरोबर ठेवा. शिल्पाजवळ जाण्याआधी दोन वाक्यं बोला. सहलीआधी पर्यटकांना जी माहितीपुस्तिका देता, तिच्यात मर्क्युरीच्या शेजारी जेकब वेनराइटला जागा द्या, आणि जयराम शिवजींच्या जकातीलाही. गुजरातहून येणाऱ्या किंवा कच्छी पर्यटकांना वाईट वाटेल, ही भीती बाळगू नका. माझ्या सहलीत कच्छी कुटुंब होतं. रात्री जेवताना मी हे सांगितलं, तेव्हा त्यांनीच जास्त प्रश्न विचारले.

जे नाशिकहून सहली नेतात, त्यांना आणखी एक विनंती. निघायच्या आदल्या दिवशी जी बैठक घेता, ती एकदा शरणपुरात घ्या.

शरणपूर आणि झांझिबार यांच्या संबंधाची दोन-तीन पानांची टिपणं मी मराठीत तयार केली आहेत. ती कोणत्याही कंपनीने विनामूल्य वापरावीत, त्यावर माझं नाव नसलं तरी चालेल. टूर लीडरांसाठी तासाभराचं व्याख्यान हवं असेल, तर नाशिक, पुणे किंवा मुंबईला स्वखर्चाने येईन. जूनपासून झांझिबारचा कोरडा हंगाम सुरू होतो आणि तुमच्या पुस्तिका त्याआधीच छापल्या जातात. म्हणून उत्तर लवकर द्यावं.

आपला,
नाशिकचा एक निवृत्त इतिहास शिक्षक